सालगडी कुणी चालू केला?

बंकट, तुला पोहोचवून आलो त्या संध्याकाळी तुझा फोन आला.

मी अंघोळ करून ओट्यावर बसलो होतो. केस ओले होते, समोर चहा निवून त्यावर साय धरली होती. फोन वाजला, वर तुझं नाव आलं. मी उचलला. का उचलला ते सांगता येणार नाही, रोज उचलतो म्हणून उचलला. तू म्हणालास, "रामराम. बंकट मास्तर बोलतोय. म्हादू आज शाळेत आला. जेवला. काळजी करू नका."

फोन हातातून सुटला आणि ओट्याखाली गेला. बायको धावत बाहेर आली. "काय झालं? कुणाचा व्हता?" मी म्हणालो, "बंकटचा." तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं ती अजूनही अधूनमधून पाहते.

तुझा तेरावा अजून व्हायचा आहे. शाळेतल्या मॅडमनी शोकसभेसाठी माझ्याकडे दोन शब्द मागितले आहेत. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीला कधी लागला, ते तुझ्या भावकीतलं कुणीही लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. ही कुठली रीत झाली?

त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, मेन स्विच वर केला, दारात पाणी शिंपडत होतो तेवढ्यात तुझ्या मेव्हण्याचा फोन. म्हणाला, "दाजी गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" तो रडायला लागला तेव्हा डोक्यात शिरलं, तरी मी त्याला म्हणालो, सकाळी सकाळी काय चेष्टा लावली. बूट घालायला खाली वाकलास आणि वर आलाच नाहीस, एवढंच त्याला सांगता आलं. आदल्या दिवशी तू माझ्या दुकानासमोर उभा राहून माझ्या वाटणीची भजीसुद्धा खाल्ली होतीस. मी शटर ओढलं, कुलूप ठोकलं आणि तसाच गाडीला किक मारली. मेन स्विच पाडायचा राहून गेला.

आता पुढचं तुला ठाऊक आहे, पण हे सभेत वाचलं गेलं तर लोकांना कळावं म्हणून सांगतो. तुझी वस्तीवरची शाळा. दिवाळी झाली की निम्म्या लेकरांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, आणि लेकरं मागे आजीपाशी राहतात. पूर्वी तू रोज संध्याकाळी एकेका घराला फोन लावायचास, लेकरू शाळेत आलं, जेवलं, काळजी करू नका. घसा बसायचा, ताट निवायचं, सुनीतावहिनी चिडायच्या. मग एक दिवस वडवणीच्या स्टँडासमोर माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आलास आणि म्हणालास, "म्हाद्या, माझ्यावानी बोलणारा एखादा गडी बसव की त्या डबड्यात."

गडी बसवला. आमच्या धंद्यात त्याला सर्व्हिस म्हणतात. पडद्यामागे चालणारा प्रोग्राम. त्याला खिडकी नसते, बटन नसतं, समोर काही दिसत नाही आणि आत काम चालू असतं. त्याच्याशी बोलायचं तर काळी स्क्रीन उघडायची आणि हुकूम टाईप करायचा. बसव, चालू कर, कसं काय चाललंय सांग, थांब, काढून टाक. एवढीच त्याची भाषा. तुला ती काळी स्क्रीन अशी आवडली की माऊस तू बाजूला सारलास. पहिल्यांदा बसवायला गेलो तर मशीनने परवानगी नाकारली, कारण स्क्रीन साहेबाच्या, म्हणजे ॲडमिनच्या, अधिकाराने उघडली नव्हती. तू म्हणालास, "हितंबी साहेबच लागतो का बे?" मग बसला, तर चालू होईना. निम्मा दिवस डोकं फोडलं. शेवटी कळलं की तू फोल्डरला 'बंकट सर' असं मधे जागा सोडून नाव दिलं होतंस, आणि मशीन 'बंकट'पाशी येऊन थांबत होतं. नावाला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली तेव्हा गडी उठला. तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की समोरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

सर्व्हिसचं नाव तू ठेवलंस सालगडी. नुसतं नाव ठेवून थांबशील तर तू कसला. शेतावरचा सालगडी वर्षाच्या बोलीवर पाडव्याला ठरतो म्हणून दर पाडव्याला तू जुना काढून टाकायचास आणि नवा बसवायचास. मशीनसमोर नारळ फोडायचास, कीबोर्डावर पाणी उडायचं. मी ओरडायचो की आता हंगाम संपला, आईबाप घरी यायला लागले, आता कशाला हे? तू म्हणायचास, "गडी पाडव्यालाच ठरत असतो. तुला शेतातलं काय कळतंय?" मला कळत नव्हतं हे खरं, पण माझा कीबोर्ड चिकट व्हायचा हेही खरं.

आवाज तुझाच घ्यायचा हा तुझा हट्ट. शटर ओढून आपण बसलो आणि तू एकेका लेकराचं नाव उच्चारत गेलास. बाहेर एसट्यांचे हॉर्न. आरतीचं नाव घेताना नेमकी गाडी निघाली आणि तो हॉर्न तिच्या नावात कायमचा बसला. मी म्हणालो, परत घेऊ. तू म्हणालास, "राहू दे. तिच्या मायला वाटन मास्तर रस्त्यावरून बोलतोय." चाचणीसाठी पहिलं नाव माझं घेतलं होतंस, म्हादू. ते नंतर काढायचं ठरलं होतं. तू काढलं नाहीस, त्यामुळे रोज संध्याकाळी मलाही फोन यायचा की मी शाळेत आलो आणि जेवलो. पावसाळ्यात सगळे आईबाप घरी असायचे, तुझ्या गड्याला दुसरं कामच नसायचं, तरी तो मला फोन करायचा. बायको म्हणायची, तुमचं लई चांगलं चाललंय, या वयात शाळेत जाता.

आणि ती मधली जागा. 'जेवली' आणि 'काळजी करू नका' यांच्या मधे तू मुद्दाम मोकळी जागा सोडायला लावलीस. मी म्हणालो, हे रेकॉर्डिंग आहे, ऐकत नाही, जागा कशाला? तू म्हणालास, "त्यायला माहीत हाय. पण बायांना बोलायचं आसतंय. बोलू दे." तिकडे फडावर, पाचटाच्या कोपीत चूल पेटवता पेटवता त्या फोन कानाला लावायच्या आणि त्या जागेत बोलून घ्यायच्या. खोकला कमी झाला का, केस विंचरले का, तिला म्हणावं आईनं आठवण काढली. मग तू म्हणायचास, काळजी करू नका. टोळीच्या एका मुकादमाने मला सांगितलं होतं की बाया उत्तर मिळाल्यासारख्या फोन ठेवतात.

आता भांडण. मी रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो. सकाळी मशीन उठतं, पण सालगडी उठत नाही, कारण तू त्याला हाताने चालू करायचं ठेवलं होतंस. मी तुला किती वेळा सांगितलं, ऑटोवर टाक. एक हुकूम आहे. मशीन उठलं की तोही उठेल, तुला शाळेत जायच्या आधी माझ्या दुकानात तंगडतोड करायला नको. तू ऐकायचा नाहीस. "हाक मारल्याबिगर कामाला लागणारा गडी मी पाह्यला न्हाई. सकाळी मालकानं तोंड दाखवावं लागतं." मी म्हणायचो, अन् मालक एखाद्या दिवशी नसला तर? तू म्हणायचास, "मी काहून नसन बे?"

मग मी चहा सांगायला बाहेर जायचो.

म्हणून त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून राहिलो, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तू सकाळी दुकानात आला नव्हतास. हाक मारली नव्हतीस. मग सालगडी कुणी चालू केला? बंकट, मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आहे. तरी दुकानाची किल्ली मी दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

तेवढ्यात सर्जेराव मुकादमाचा फोन. कारखान्यावरून. माणूस हसत होता, रडत होता, काही कळेना. "देवा, दुपारी कुणीतरी म्हणलं सर गेले. समद्या कोप्या रडत्यात. अन् आत्ता सरांचाच फोन आला की! समद्यायला आला! सर हायेत ना? बायांनी साखर वाटली हितं."

साखर वाटली, बंकट. तुझ्या मरणाच्या दिवशी.

मी म्हणालो, सर्जेराव, ते मशीन आहे. तो म्हणाला, "मशीन ठावं हाय मला, पण सरांनी चालू केल्याबिगर ते चालत न्हाई. सरच म्हणलेत मला." मी म्हणालो, मी त्यांना पोहोचवून आलोय. मग लांबून एक बाई विचारत होती, "काय म्हंतेत? काय म्हंतेत?" सर्जेरावाने फोन ठेवला. एकाच दिवशी त्या लोकांना तुझं मरण दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणारा मी होतो. याबद्दल मी तुला माफ करीन असं वाटत नाही.

दुकानात गेलो. शटर वर करायला भीती वाटली, ते सांगून टाकतो. आत मशीन चालू होतं, फोन लावणाऱ्या, सिम टाकलेल्या डबड्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. काळी स्क्रीन उघडली, विचारलं, सालगडी कसा आहे? उत्तर आलं, चालू आहे. मग विचारलं, सुरुवात कशी होते? उत्तर आलं, ऑटो.

मी दोनदा वाचलं. पासवर्ड तुला सोडून कुणाला माहीत? मला. आणि मी बदललं नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि मोठ्यांदा तुला शिवी दिली. बाहेरच्या चहावाल्याने डोकावून पाहिलं आणि तो परत गेला.

थांब हा हुकूम टाईप केला, पण एंटर दाबवेना. आता तो रात्रभर काही करणार नव्हता, थेट उद्याच्या संध्याकाळी बोलणार होता. पुन्हा तुझा आवाज. पाठोपाठ फोन यायला लागले, धर्मापुरीकडची एक टोळी, तेलगावकडची दुसरी. आरतीची आई म्हणाली, "भाऊ, बंद नका करू. सर न्हाईत ते कळलं. पण आवाज येऊ द्या." मी टाईप केलेलं पुसून टाकलं. मलाही उद्या तुझा फोन हवा होता, हे त्यांना कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आला. म्हादू आज शाळेत आला. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळाने आरतीच्या आईचा फोन, आवाज पार बदललेला. "आरतीला ताप हाय. तिची आजी तिला घेऊन दवाखान्यात गेलती, तिचा आत्ता फोन आलता. अन् सर म्हंतेत शाळेत आली, जेवली. भाऊ, सर आमाला कधी खोटं बोलले न्हाईत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तुझी सोपी पद्धत. हजर लेकरं खूप म्हणून तू शाळेतून मेसेज करून फक्त गैरहजर नावं मशीनला कळवायचास, ज्याचं नाव दिलं नाही तो आला आणि जेवला असं सालगडी धरून चालायचा. आता नाव द्यायला कुणी नव्हतं. शाळा तर तुझ्या शोकात बंदच होती. तू गेलास त्या दिवशी ती सगळी लेकरं तुझ्या अंगणात रडत उभी होती आणि तू त्यांच्या आयांना सांगत होतास, आली, जेवली. तापाने फणफणलेलं लेकरू असो की उद्या ओढ्याकडे गेलेलं असो, तू गोड आवाजात तेच सांगत राहिला असतास. तुझ्या शब्दावर त्या बायांना तिकडे झोप लागते. तो शब्द खोटा पडायला लागला तर तुझं मागे राहिलं काय?

मी दुकानात गेलो आणि एंटर दाबलं. सालगडी थांबला. एक ओळ आली आणि खालचा ठिपका लुकलुकत राहिला. तुला चितेवर ठेवताना मी रडलो नव्हतो, लाकडं नीट लागली की नाही तेच बघत होतो. तिथे त्या खुर्चीत मात्र रडलो.

पुढच्या संध्याकाळी कुणालाच फोन गेला नाही. सर्जेराव म्हणाला, बाया फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तक्रार नाही केली त्याने. नुसतं सांगितलं.

मग वहिनींकडे गेलो. तुझे बूट अजून दारातच आहेत, एकाची नाडी सुटलेली. त्यांना म्हणालो, वहिनी, फोन परत चालू करायचेत, पण आता माझ्या आवाजात, आणि शाळेतल्या मॅडमकडून रोजची खरी हजेरी घेऊन. फक्त लेकरांची नावं बंकटच्या आवाजात ठेवू का? तुमची हरकत नसेल तर. त्यांनी दारातल्या बुटांकडे पाहिलं. म्हणाल्या, "ठेवा. नावं त्यायनीच घ्यावीत." मग मी विचारलं, वहिनी, ते ऑटोवर कधी केलं त्याने? मला काही बोलला नाही.

त्यांना ऑटो कळलं नाही, पण गोष्ट कळली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "पाडव्याला की हो. नारळ फोडून आले अन् म्हणले, म्हाद्याचं ऐकलं बरं का शेवटी. त्याचं बरोबर हाय, माणसाचा काय भरवसा. पण त्याला सांगू नको, डोक्यावर चढून बसन."

पाडव्याला! म्हणजे तेव्हापासून रोज सकाळी तू माझ्या दुकानात येऊन काळी स्क्रीन उघडायचास आणि काहीतरी टाईप करायचास, ते काय होतं? मी चहा सांगायला बाहेर जायचो, तुझ्या पाठीकडे बघून म्हणायचो, मार बाबा मार, हाक मार तुझ्या गड्याला. गडी तर आधीच उठलेला असायचा. तू नुसता विचारत असशील, चालू हाय का? आणि चहा पिऊन जायचास. रोज मी तेच भांडण काढायचो, रोज तू तोच हट्ट धरायचास, हरलेला असून. मला जिंकू द्यायचं नव्हतं म्हणून, की सकाळी यायला निमित्त हवं होतं म्हणून? मला दुसरं वाटतं. तू असतास तर पहिलंच म्हणाला असतास.

काल शटर ओढून मी माझा आवाज भरला. तुझ्यासारखा जमत नाही. 'रामराम, वडवणीहून महादेव बोलतोय', एवढंच वाक्य तीनदा पुसून परत भरावं लागलं. पण मधे नावं तुझीच. मी रामराम म्हणतो, तू म्हणतोस आरती, मागे एसटी हॉर्न देते, मग मी सांगतो शाळेत आली की नाही. ताप उतरलाय तिचा. न आलेल्या लेकराचं आलं नाही असंच सांगतो. मधली जागा आहे तेवढीच ठेवली आहे.

आणि सालगडी मी ऑटोवरून काढला, बंकट. परत हातावर घेतला. ज्या गोष्टीसाठी तुझ्याशी एवढा भांडलो ती मीच माझ्या हाताने उलटी केली. सकाळी कुणीतरी जिवंत माणसाने येऊन बघितल्याशिवाय त्याने कुणाच्या आईशी बोलू नये. आता मीच येतो, पाणी शिंपडतो, काळी स्क्रीन उघडतो, हाक मारतो. चहा दोन सांगितला जातो अजून. एक परत पाठवतो.

एक फोन तेवढा जसाच्या तसा ठेवलाय. त्याला हात लावला नाही. काल संध्याकाळी तो आला. तू म्हणालास, "रामराम. बंकट मास्तर बोलतोय. म्हादू आज शाळेत आला. जेवला." मग ती जागा आली. इतकी वर्षं मी तिच्यात कधी काही बोललो नव्हतो. काल बोललो. म्हणालो, "माझं ऐकलंस, हे मला सांगायला काय झालतं बे?"

तू म्हणालास, "काळजी करू नका."